निरोप भेटला, आलो

आमच्या साखरा गावात किसनरावांना मोबाईलवर सणाच्या शुभेच्छा पाठवणं धोक्याचं होतं. संक्रांतीला तिळगुळाचं चित्र पाठवलं, की तासाभरात ते धुतलेली टोपी घालून दारात उभे. "निरोप भेटला. आलो," म्हणत बसायचे आणि दोन तास उठायचे नाहीत.

फोन त्यांच्या पुण्याच्या मुलानं दिलेला. तो सणासुदीला त्यावर दिवे, फुलं, हलणारे गणपती पाठवायचा. किसनराव चित्र मला दाखवत. "लई भारी हाय, गुरुजी. पन ह्याच्यात पोरगं कुठं दिसून न्हाई राहिलं."

शेजारच्या सुभाषनं एकदा हौसेनं सगळ्यांना रोज 'शुभ सकाळ' पाठवायला सुरुवात केली. किसनराव आठ दिवस सकाळी सहाला त्याच्या दारात. नवव्या दिवशी सुभाषनं यादीतून त्यांचं नाव काढलं. मग हळूहळू गावानंच काढलं. मीही काढलं.

पण त्यांचा खरा गाजलेला किस्सा हिंगोलीचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते एसटीनं मोटारसायकलच्या शोरूममध्ये गेले. मुलानं कधीतरी तिथून गाडी घेताना वडिलांचा नंबर दिला होता. त्यावर निरोप आला होता, 'आपणास व आपल्या परिवारास दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली सवलतीचं लांबलचक लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं नाही.

शोरूमच्या पोरांनी गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली, गार पाणी दिलं, तीन गाड्या दाखवल्या. "चांगल्या हायेत," म्हणत किसनरावांनी खिशातून आपट्याची पानं काढून मॅनेजरच्या हातावर ठेवली.

"सोनं घ्या. घरची मंडळी बरी हाय ना? तुमी आमच्या परिवाराचं इचारलं, म्हणून म्हणलं."

मॅनेजर म्हणाला, "काका, वो मेसेज कंप्युटर से जाता है."

"मंग त्याला बी द्या एक पान."

गावचा गजानन गाडीचे कागद आणायला तिथंच आला होता. त्यानं मला सांगितलं आणि मी साऱ्या तालुक्याला. लग्नात, सेनगावच्या स्टँडवर, साभिनय. मास्तरकी केलेली, आवाज चांगला. पुढे पुढे पोरं त्यांना रस्त्यात विचारू लागली, "काका, निरोप भेटला का?" ते "व्हय" म्हणून चालू लागत. आता ते कुणाच्याच दारात जात नाहीत.

हा किस्सा मी कायम अर्धाच सांगितला. त्याच्या आदल्या संध्याकाळचा भाग गाळला.

दसऱ्याच्या सवलतीत आम्ही मोठा टीव्ही घेतला होता. संध्याकाळी माणूस येऊन तो भिंतीवर बसवत होता, घरचे सगळे त्याच्याभोवती. खिडकीतून किसनराव येताना दिसले. यंदा निरोप नसताना आपणहून निघाले होते. आता दोन तास गेले, असं मनात आलं. मी सुनेला म्हणालो, "सांग, गुरुजी गावाला गेले," आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.

"बरं," त्यांचा आवाज आला. "आले की सांगा, किसन येऊन गेला."

ते गेल्यावर मी बाहेर आलो. दारात माझ्या चपला होत्या. दोन्ही चपलांवर एकेक आपट्याचं पान ठेवलेलं. मी पानं झटकली, पाय घातले आणि टीव्हीच्या माणसाला सोडायला गेलो.

महिनाभरानं पिठाच्या गिरणीवर गाठ पडली. चार माणसं ऐकत होती, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "काहो किसनराव, शोरूमला काहून गेलते?"

"ह्या साली पुन्याबिगर तेवढाच निरोप आलता, गुरुजी."

कुणी हसलं नाही. दळण डोक्यावर घेता घेता ते थांबले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले.

"दसऱ्याला तुमी गावाला अनवाणीच गेलते का? चपला दारातच व्हत्या. मला लई फिकर लागली. रस्त्यानं काटे किती हायेत."

मी म्हणालो, "व्हय. घाईत ऱ्हायल्या."