कादेर्न राजांचे दृष्टीची हकीकत

ज्याचे दरबारी राजेही उभेच राहतात त्या परमेश्वरास नमन असो. कलियुगाची एकतीसशे वर्षे लोटली ते समयी उत्तरसमुद्रातील बेटावर ब्रिटन लोकांचे राज्य कादेर्न राजे करीत होते. राजे शूर, बोलणे थोडके, आणि शिकारीचा शौक भारी. मग एका किल्ल्यास वेढा घातला असता आतल्या लोकांनी तटावरून कळीचा चुना फेकिला, तो राजांचे डोळ्यांत गेला आणि हळूहळू दृष्टी नाहीशी जाहली. त्या राज्याची रीत ऐसी की, ज्याचे अंगी व्यंग त्याने गादीवर बसू नये. म्हणोन राणी नेस्ता यांनी ही गोष्ट पोटात ठेविली, आणि दरबारी राजांशेजारी बसोन कोण आला, कोणी मुजरा केला, हे हळूच कानाशी सांगत गेल्या, आणि कोणास संशय आला नाही.

मग पश्चिमसमुद्रापलीकडील रुआन राजे, ज्यांशी जुने वैर, ते तहास आले आणि समुद्रकिनारी दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. रुआन राजांनी हात पुढे केला. वारा मोठा सुटला होता, राणी कानाशी बोलिल्या ते राजांस ऐकू गेले नाही, आणि राजे तैसेच उभे राहिले. रुआन राजे संतापोन बोलिले, "आमचा हात झिडकारता काय?" आणि त्यांचे लोकांनी तलवारी उपसल्या. राणी लगबगीने म्हणाल्या, "राजांस ज्वर आहे." तो कादेर्न राजांनी राणींस थांबविले आणि मोठ्याने बोलिले, "हात दिसला नाही. मला दिसतच नाही."

रुआन राजांनी पुसिले, "हे बोललात, आता गादी राहील?"

"राहणार नाही. पण एवढ्यासाठी इतकी माणसे कापून काढावी काय?"

मग रुआन राजांनी आपण होऊन त्यांचा हात धरिला आणि तह जाहला. दुसरे दिवशी राजांनी मुकुट उतरोन कन्या मोर्वेन हिचे मस्तकी ठेविला. राणी रुष्ट जाहल्या. "इतकी वर्षे मी खोटे बोलले, तुम्ही एका शब्दात सारे घालवलेत!"

राजे म्हणाले, "तुम्ही थकला होता. ते मला कळत होते."

राणींस रडू कोसळले.

मग उभयता दुसऱ्या बेटी राहावयास निघाली आणि किनाऱ्यावर रयत लोटली. राजांनी सर्वांदेखत पुसिले, "कोण कोण आले आहे?" आजवर हे उघड पुसता आले नव्हते. राणी मोठ्याने एकेकाचे नाव घेऊ लागल्या, आणि ज्याचे नाव निघे तो "आहे, महाराज" म्हणे. गलबत ओहोटीबरोबर निघावयाचे होते, पण ओहोटी लागली तरी नावे सरली नाहीत आणि गलबत सुटले नाही.

कादेर्न राजांचे राज्य गेले ते या रीतीने. तह पुढे मोर्वेन राणींचे अमदानीत टिकला. जाहले तैसे लिहिले.