मागच्या दाराची कडी

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. दादांच्या गमती मात्र लग्नकार्यांत रंगवून सांगितल्या. लोक हसले, आणि दर वेळी शेवट मी गिळून टाकला. आता हसवून हसवून थकलो. शेवटासकट सांगतो.

दादा म्हणजे माझे सासरे. आसपासच्या कुठल्याही देशात राज्य उलटलं, की ते दोन कामं करायचे. वाण्याकडून पाच किलो मीठ आणायचे आणि घराच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवायचे. बांगलादेश झाला तेव्हा वेरूळच्या घरी त्यांनी हेच केलं, इराणचा शहा पळाला तेव्हाही हेच. सासूबाई गेल्यावर ते हर्सूलला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा सामानात एक ट्रंक आणि अर्धं पोतं मीठ होतं. निजामाच्या काळात ते तहसिलीत कारकून होते.

"हुकूमत गेली की आधी मीठ गायब होतं, जावईबापू," असं सांगायचे. आणि कडी? "असू द्या. इंतजाम हाय."

मग नेपाळात लोक राजाविरुद्ध रस्त्यावर आले. मी इतिहासाचा मास्तर. टीव्हीसमोर मला स्फुरण चढलेलं.

"दादा, बघा, जनता उठली!"

"लई चांगलं. मीठ हाय का घरात?"

"राजा जाणार, दादा! लोकांचं राज्य येणार!"

"येऊ द्या की. पण एक जाऊन दुसरं येईस्तोवर जे चार-आठ दिवस जातात, त्यात कोण कुणाचं असतं, ते सांगा."

"म्हणजे तुम्ही राजाच्या बाजूचे!"

"मी कुणाच्याच बाजूचा नाय. मी मागच्या दाराजवळचा."

माझी बायको सुमन स्वयंपाकघरात फिस्सकन हसली. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी दादांनी कडी काढलेल्या मागच्या दारातून शेजाऱ्यांची शेळी आत आली आणि मी तपासायला आणलेल्या नववीच्या पेपरांपैकी सात खाऊन गेली. ती सातही पोरं मला पास करावी लागली. लोक इथं पोट धरून हसतात. मी इथंच थांबत असे.

त्या दिवशी मी कुलूप आणून मागच्या दाराला ठोकलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "हे घर माझं आहे, दादा. इथं तुमचा निजाम चालणार नाही."

संध्याकाळी दादा म्हणाले, "जावईबापू, पंखा लावू का?" मला वाटलं, टोमणा आहे. जेवताना म्हणाले, "अजून अर्धी भाकर घेऊ का?" टोमणा नव्हता.

दोन दिवसांनी सुमननं सांगितलं. तिला तिच्या आईनं सांगितलेलं. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्या आठवड्यात गावोगाव माणसं माणसांवर उठली. तहसिलीत दादांच्या शेजारी बसणारा मुनीर, त्यांना उर्दू शिकवणारा, बायको-लेकरांना घेऊन मागच्या दारी आला. हाका मारल्या. दादांनी आवाज ओळखला. कडीवर हात ठेवला. घरचे सगळे मागून "नको, नको" म्हणत होते. कडी निघाली नाही. थोड्या वेळानं हाका थांबल्या. मुनीरचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

मी किल्ली घेऊन तडक मागं गेलो आणि कुलूप काढलं. दादा भिंतीला टेकून बघत होते. 'चुकलो' म्हणायचं ठरवूनच आलो होतो. तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढत दारापाशी आणली.

"जावईबापू, जरा इथं बसू का?"

'विचारता कशाला दादा, घर तुमचंच आहे.' वाक्य जिभेवर तयार होतं.

मी म्हणालो, "बसा."

त्यानंतर दादा सहा वर्षं जगले. रोज काही ना काही विचारायचे, आणि मी रोज हो म्हणायचो.