कळण्याचं पीठ आणि मुंगूस

लॅपटॉपच्या कळांमध्ये केळीच्या वेफरचा कण सापडला, तेव्हाच कामिनीच्या मनात पाल चुकचुकली. घरात तिच्याशिवाय माणसं तीन. नवरा हितेंद्र नरडाण्याच्या कारखान्यात, तो शनिवारीच यावलला येणार. मुलगा डुग्गू सव्वा वर्षाचा. उरल्या सासूबाई लताबाई. नाहीतर त्यांच्याकडे रोज वाती वळायला येणारी, त्यांच्याच वयाची शेजारची सारिका. ती वाती कमी वळते आणि मान जास्त वळवते, हे कामिनीने कधीच हेरून ठेवलं होतं.

डुग्गूला मांडीवर घेऊन तिने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. नाव नाही, गाव नाही, वाढदिवस नाही. ब्रह्मदेवालाही सुचू नये असा. वर सगळ्या फायलींनाही कुलूप घातलं. कागदावर काही लिहिलं नाही. कागदाला काय, पाय फुटतात!

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती ग्रंथपालाच्या जागेचा अर्ज भरायला बसली. मुदत पाचपर्यंत. दाखले सगळे लॅपटॉपात, मूळ कागद धुळ्याला माहेरी. आणि पासवर्ड? टोपली होती, कात्री होती. मध्ये दोन आकडे होते, तेही पाठ होते. शेवटी एक जनावर होतं. कोणतं?

मांजर चाललं नाही. घोरपडही चालली नाही.

"कोणीतरी बदललाय!" असं म्हणून तिने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या अमीनला बोलावलं. त्याला दारासमोरच्या खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात दिसतील असं.

"अमीनभाऊ, लॅपटॉपमधून माझा पासवर्ड तेवढा काढून द्या."

"भाभी, लॅपटॉपलाच तो माहीत नसतो."

"मग बरोबर की चूक, हे कसं कळतं त्याला?"

अमीनने स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तुम्ही कळणा दळता ना? ज्वारी, उडीद, खडे मीठ. त्या पिठातून दाणा परत निघतो का? तसंच हे. पासवर्डात मीठ घालून दळायचं आणि फक्त पीठ ठेवायचं. तुम्ही टाइप केलं, की तो पुन्हा तेच मीठ घालून दळतो आणि पिठाशी पीठ ताडून बघतो."

"आणि पीठच कोणी चोरलं तर?"

"तर चोर घरी बसून लाखो पासवर्ड दळत बसेल, कुठलं पीठ जुळतं ते बघत. म्हणून पिठाचा डबाही कुलपात. त्याची किल्ली वेगळी, लॅपटॉपच्याच पोटात लपवलेली."

कामिनीचे डोळे बारीक झाले. "चोर काय करेल, हे तुम्हाला बरं माहीत!"

"भाभी, दुकान आहे माझं," अमीन कसनुसं हसला. "सगळं पुसून लॅपटॉप नव्यानं सुरू करून देतो. पण दाखले जातील. कुलूप तुम्हीच घातलंय ना."

सव्वाचार झाले. नोकरी, पगार, डुग्गूची शाळा, सगळं एका जनावरापाशी अडलं होतं. कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात डुग्गू झोळीत किंचाळला आणि आतून लताबाईंचा सूर लागला:

"टोपली सत्तावन्न, कात्री तेरा,
मुंगूस घाली घराला फेरा..."

डुग्गू गप्प. कामिनी झोळीकडे धावली.

"आई! हे कुठून शिकलात?"

"तुह्याकडूनच! तू काल पोराले मांडीवर घेऊन दहादा नाही बडबडली? तवापासून दुसऱ्या गाण्यानं झोपतच नाही तो. फेऱ्याचं मी जोडलं वं माय."

"अजून कोणाला माहीत आहे?"

"मले, सारिकेले. तिची नातही याच्यावरच झोपते."

अमीनने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मुंगसापर्यंत टाइप करताच लॅपटॉप उघडला. अर्ज पाचला सात मिनिटं कमी असताना गेला. तोवर कामिनीने धास्तीने बशीभर वेफर संपवले होते, आणि कळांमध्ये नवा कण पडला होता. तिने तो चटकन फुंकून टाकला आणि इकडेतिकडे पाहिलं.

अमीन गेल्यावर तिने दार लावलं आणि पासवर्ड पुन्हा बदलला, या वेळी ओठ घट्ट मिटून. पण हाही विसरला तर? मग उठली, झोळीपाशी गेली आणि डुग्गूच्या कानाशी लागून नवा पासवर्ड सावकाश म्हणाली. एकदा. दोनदा.

"कामिनी," लताबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "मधला आकडा बदल वं. ताल चुकू राह्यला."

कामिनीने मुकाट्याने आकडा बदलला.