वाजण्याआधी उचललेला फोन

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे इंटरनेटवर चालणारे फोन अजिनाथ सांभाळत असे. एखादा फोन मुका झाला की तो हजर होई आणि प्रथम जाहीर करी, "यंत्रणेत दोष नाही." (दोष मागाहून सापडे, बहुधा त्यानेच मागच्या खेपेला करून ठेवलेला असे.) अशा गृहस्थाला स्वतःच्या बायकोच्या खानावळीत सुधारणा करण्यास कायद्याने बंदी असायला हवी होती. ती नव्हती.

सुकन्याची खानावळ एका जुन्या मोबाईलवर चाले. कारखान्यात कामाच्या वेळी बोलायची मनाई, म्हणून कामगार खिशातल्या खिशात मिस कॉल देत. एक रिंग म्हणजे भाकरी, दोन म्हणजे चपाती. नंबरावरून ती माणूस ओळखे आणि तेवढेच पीठ मळी. अजिनाथला हे रानटी वाटे. एका रविवारी त्याने तो नंबर नव्या यंत्रणेवर वळवला. आता फोन वाजण्यापूर्वीच उचलला जाई आणि खुद्द अजिनाथचा ध्वनिमुद्रित घोगरा आवाज स्वागत करी.

"आता गिऱ्हाईक ताटकळणार नाही," तो म्हणाला.

"आदी कोन ताटकळत हुतं?"

त्याने लॅपटॉप उघडून पडद्यावरचे हिरवे दिवे मोजायला घेतले.

सोमवारी तवा तापून निवाला, तरी परातीतले पीठ कोरडेच.

"अहो, आज एकबी मिस कॉल न्हाई!"

"म्हणजे जमलं! सगळे कॉल उचलले गेले. हे बघ, सगळं हिरवं."

"हिरवं घालू का ताटात? समोर गहिनीनाथनं नवी मेस टाकलीय. मान्सं तिकडं गेली तर परत येतील व्हय?"

अजिनाथने राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, शेवटी स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला. त्याच्याच आवाजाने त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. (त्याने ते दोनदा ऐकले.) "यंत्रणेत दोष नाही."

"यंत्रणेत न्हाईच," सुकन्या म्हणाली.

एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. महेंद्र दहा-बारा भुकेले फिटर घेऊन दारात उभा.

"वहिनी, भाकरी?"

"भाऊ, रिंग कुटं दिली?"

"दिली की! वाजायच्या आदीच कुनी बाप्या बोलाया लागला. सुपरवायझर म्हनला, खिशात कोन घातलाय? कुन्या शहाण्यानं केलं हे?"

अजिनाथने लॅपटॉप हळूच मिटला. "बाहेरचा एक माणूस होता."

"व्हय," सुकन्या म्हणाली, "आन आज जेवायलाबी बाहेरच जानार हाय."

फिटर मंडळी रस्ता ओलांडून गेली. त्यांच्यामागे, बरेच अंतर राखून, अजिनाथही गेला. जेवण उरकून तो पैसे द्यायला गल्ल्यापाशी आला, तर गहिनीनाथने दोन्ही हात जोडले.

"तुमच्याकडनं पैसे? न्हाई सायेब! मेस उगडल्यापासून एवढी गर्दी आजच झाली. तेवढं तुमचं फोनवरचं स्वागत उद्याबी चालू ठिवा."