कै. प्रयागबाई ट्रॅव्हल्सची फत्ते

श्रीमोरेश्वर समर्थ असो. लासुर्णेकरांची गाडी नावापायी कैसी अडली आणि कैसी सुटली, ते लिहून ठेवावे ऐसी आज्ञा जाहली. त्यास जे डोळां देखिले आणि जे चहाच्या टपरीवर खात्रीलायक ऐकिले, ते लिहितो. पदरचे थोडेच घातले आहे.

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमीस राजमान्य राजश्री विजयसिंह, ऊसबागाईतदार, यांणी लासुर्ण्याहून भवानीनगर, बारामती, मोरगावमार्गे पुण्यास बत्तीस आसनांची गाडी चालवावी ऐसी मसलत केली, आणि गाडीस मातोश्री प्रयागबाईंचे नाव द्यावे ऐसे ठरविले, मग तालुक्यातील तमाम पाट्यांचे कर्ते वाजिद पेंटर यांस पाचारण केले. वाजिदमियांनी दर्शनी काचेवर सुबक अक्षरांत लिहिले, 'कै. प्रयागबाई ट्रॅव्हल्स'. मातोश्री तेसमयी अंगणात शेंगा फोडीत होत्या, आणि कैलासवासी होण्याचा त्यांचा कोणताही इरादा दिसत नव्हता.

विजयसिंह हवालदिल जाहले आणि वाजिदमियांची जबानी घेतली. "दादा, तीस वरसं पाट्या रंगवतोय," ते बोलिले, "मोठ्या अक्षरात नाव म्हणलं की कै. हातातनं आपसूक येतं. जित्त्या मान्साचं नाव आजवर कुणी सांगितलंच न्हाय."

मग कै. खरवडण्याचा हुकूम सुटला, तो खाशा मातोश्री सूप बाजूस सारून गाडीपुढे उभ्या ठाकल्या. "शाळंला, वाचनालयाला, समद्या मोठ्या मान्सांच्या नावाम्होरं त्ये हाय," बाई बोलिल्या, "माज्या नावाला आलं की खरवडताय व्हय?" पुत्राने अर्थ सांगितला. "ठावं हाय मला. मेल्यावर कोण लिवतंय? माज्या सासूचं, जावंचं नाव कुठं लागलंय त्ये दाव." सूनबाई राजलक्ष्मी सासूच्या पक्षास मिळाल्या, ही त्या घरातील पहिलीच युती, आणि हुकूम रद्द जाहला.

दुसरे दिवशी मोहिमेने कूच केले. भवानीनगर मुक्कामी आप्पासाहेब, कारखान्यातील निवृत्त कारकून, नातवाच्या बारशास पुण्यास निघाले होते. त्यांणी पायरीवर पाऊल ठेविले, काच वाचिली, आणि पाऊल काढून घेतले. "असल्या नावाखाली बसून बारशाला जायाचं व्हय?" ऐसे बोलोन ते एसटीच्या प्रतीक्षेत उभे राहिले. त्यांची लेकरे कै. नामे शाळेत शिकली, आणि ते स्वतः कै. नामे सभागृहात बोहल्यावर चढले होते, परंतु तेथे इमारत जागची हलत नाही, हा मुद्दा त्यांच्याकडे होता. तमाम रयतेने त्यांचेच अनुकरण केले. तीन दिवस गाडी पुण्यास हवा घेऊन गेली आणि हवाच घेऊन परतली.

मग विजयसिंहांनी फर्मान काढिले की उदईक अवघे नावच पुसोन 'रॉयल' लिहावे. ते ऐकोन बाईंचा चेहरा उतरला. येथे लेखकास थट्टा सुचत नाही, त्या म्हातारीचे वाईट वाटले.

कोजागिरीच्या प्रातःकाळी पेंटर येण्याआधी बाईंनी ठेवणीतले इरकल नेसले, आणि गाडीत चढून पहिले आसन काबीज केले, मग गाडी हाकण्याचा हुकूम दिधला. आप्पासाहेब आज पुन्हा पुण्यास निघाले होते. बाईंनी खिडकीतून मस्तक बाहेर काढिले आणि ललकारिले, "म्याच ती प्रयागबाई! या, बसा!"

आप्पासाहेब दोन पावले मागे हटले. मग त्यांणी बारकाईने अवलोकन केले, तो बाई दातांस मिश्री लावीत होत्या. मयत मनुष्य मिश्री लावीत नाही, ऐसा कारकुनी निष्कर्ष काढून ते गाडीत चढले, त्यांचे मागे रयत चढली, बारामतीस आसने भरली आणि मोरगावास माणसे उभी राहिली. वाजिदमिया डबा-ब्रश घेऊन लासुर्ण्यातच तिष्ठत राहिले.

तेव्हापासोन गाडी रोज भरते, परंतु बाई जातीने हजर असतील तरच. मध्ये एक दिवस त्यांस ताप आला, तो गाडी पुन्हा रिकामी गेली. बाईंनी लासुर्ण्यात सून म्हणून छपन्न वर्षे काढिली, त्यांत 'बाई आहेत काय' ऐसे दारात येऊन कोणी पुसिले नव्हते. जो आला त्याने मालकासच हाक मारिली. आता इंदापूर ते हवेली चार तालुक्यांची रयत गाडीपुढे उभी राहून आधी बाईंस पुसते. बाई मान बाहेर काढून "हाय" म्हणतात, मगच गाडी भरते. फत्ते ती हीच, आणि ती बाईंच्या नावे नमूद केली असे.