ताटव्याचं अनावरण

रत्नप्रभाबाईंच्या फ्रीजमधला भाजीचा खण ऑक्टोबरपासून नीळकंठरावांच्या ताब्यात होता. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेले वीस कंद आरामात झोपले होते आणि कोथिंबीर, पालक, मेथी ही हक्काची मंडळी बाहेर टोपलीत माना टाकून पडली होती. दहा आठवडे बाईंनी हे सहन केलं. अर्थात, गप्प राहून नव्हे.

"इतकी थंडी तर तुम्ही मले लग्नानंतर महाबळेश्वरले नेलं तेव्हाही नाही दाखवली," त्या म्हणाल्या. "या कांद्यांची एवढी बडदास्त कायले?"

"कांदे नाहीत ते. ट्युलिप आहेत. थंडीत झोपले तरच फुलतात."

"मंग तुमच्या ट्युलिपले म्हणा, जरा सरकून बस, मले दोन लिंबं ठेवायची आहेत."

या सगळ्याच्या मुळाशी होता बाईंचा धाकटा भाऊ अभिषेक. जन्म दारव्ह्याचा, पण नोकरीनिमित्त पुण्यात बारा वर्षं काढल्यामुळे त्याला आताशा विदर्भाचं ऊन पुण्यात बसूनच लागत असे. गेल्या वसंतात तो काश्मीरला जाऊन आला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याने ट्युलिपच्या बागेचे एकशे बारा फोटो टाकले. प्रत्येक फोटोत तो होता. जागा उरली तिथे फुलंही होती. नीळकंठराव पोस्टातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी कौतुकाने लिहिलं, 'सुंदर. आमच्या बगिच्यात लावून पाहिले पाहिजे.' लगेच उत्तर आलं, 'भाऊजी, तुमच्या पुसदला फक्त ऊन उगवतं.' त्यावर अर्धा ग्रुप हसला, आणि ते नीळकंठरावांच्या मनाला फार लागलं.

त्यांनी ठरवलं, पुसदच्या मातीत ट्युलिप फुलवायचा आणि मागे 'लक्ष्मीनगर सार्वजनिक बगिचा, पुसद' ही पाटी स्वच्छ वाचता येईल असा फोटो ग्रुपवर टाकायचा. घरच्या कुंडीत फुलवून भागणार नव्हतं, कारण अपमान गावाचा झाला होता. बगिचा सांभाळणाऱ्या प्रभात मंडळाचे ते सचिवच असल्यामुळे पाटीखालची जागा सहज मिळाली. डिसेंबरच्या शेवटी कंद मातीत गेले. दुपारी त्यांच्यावर हिरवी जाळी आणि सकाळ-संध्याकाळ माठातलं पाणी. जानेवारीत पानं वर आली तेव्हा नीळकंठरावांना राहवलं नाही, त्यांनी फोटो टाकला. अभिषेकने लिहिलं, 'लसूण छान आलाय.' तेव्हा त्यांनी शपथ घेतली की आता फुलं पूर्ण उमलल्याशिवाय फोटो नाही.

वीसपैकी सात कंदांनी शब्द पाळला. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी चार लाल आणि तीन पिवळ्या कळ्या अशा टपोऱ्या झाल्या की सकाळी उमलणार यात शंका नव्हती. उन्हं तापली की हे फूल पाकळ्या पसरून बसतं आणि मग त्यात राम राहत नाही, म्हणून फोटो सकाळीच काढायला हवा होता. फोनवर भरवसा नको म्हणून त्यांनी लग्नाचे फोटो काढणाऱ्या प्रफुल्लला गाठलं.

"आठ वाजता येतो काका," प्रफुल्ल म्हणाला, "पण साडेनऊले मले हळदीच्या शूटले जायचं आहे. नवरी थांबत नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे रे."

आणि ते खरोखरच दोन मिनिटांचं काम होतं. फक्त नीळकंठरावांनी ते धर्मपाल गुरुजींना सांगायला नको होतं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आणि प्रभात मंडळाचे अध्यक्ष. तीस वर्षं सूत्रसंचालन केल्यामुळे त्यांना माइकशिवाय कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छाही देता येत नसत.

"फोटोग्राफर येऊन राह्यला आन् कार्यक्रम नाही?" गुरुजींना धक्काच बसला.

"अहो गुरुजी, फोटोच तर काढायचा आहे."

"तेच म्हणतो मी. कार्यक्रम नसंल तं फोटो कायचा काढता?"

रात्री जेवणाच्या आत खुर्च्या, माइक, बॅनर आणि प्रमुख पाहुण्या ठरल्या होत्या. सांगलीकडून नुकत्याच बदलून आलेल्या, कृषी खात्यातल्या उर्वशी मॅडम येणार होत्या. उद्घाटन कोणीही करतं, म्हणून गुरुजींनी अनावरण काढलं. ताटव्याभोवती चार बांबू, त्यावर पडदा. मॅडमनी दोरी ओढायची आणि फुलं प्रकट व्हायची. खरं सांगायचं तर ही कल्पना नीळकंठरावांनाही आवडली. पडदा त्यांच्या बैठकीच्या खोलीतून आला.

"फ्रीज गेला, आता पडदा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "उद्या मले पण नेऊन मांडा तिथं."

रविवारी सकाळी सात वाजता सातही फुलं उमलली होती. नीळकंठराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर ते अभिषेकलाही विसरले. मग आठवण झाली आणि त्यांनी फोन काढला.

"सचिवसाहेब, हे काय करून राह्यले?" मागून गुरुजी आले. "अनावरणाच्या आधी फोटो काढला तं अनावरण कायचं करायचं?"

मुद्दा बिनतोड होता. फोन खिशात गेला आणि पडदा चढला. तेवढ्यात फुलवाल्याचा निरोप आला की लग्नसराईत सगळा माल मंगल कार्यालयांत गेला, गुच्छ मिळणार नाही. गुरुजींचा चेहरा पडला. गुच्छाशिवाय स्वागत त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. नीळकंठराव माइकच्या वायरीचा गुंता सोडवत होते. त्यांनी तिथूनच बगिच्यात काम करणाऱ्या मानीबाईंना हाक मारली.

"मानीबाई, आपल्याच बगिच्यातल्या फुलांचा एक गुच्छ बांधा. चांगल्यातली चांगली घ्या."

"चांगल्यातलीच घेऊ ना, साहेब?" मानीबाईंनी दोनदा विचारलं.

"हो म्हटलं ना. मोठ्या मॅडम आहेत, हात आखडू नका."

मॅडम पावणेनऊला आल्या. गुरुजींनी प्रास्ताविकात फुलांचा मानवी जीवनाशी असलेला संबंध पाळण्यापासून सुरू केला आणि नऊ वाजता ते जेमतेम बोहल्यापर्यंत पोचले. नमनालाच घडाभर तेल गेलं. प्रफुल्ल घड्याळाकडे पाहत होता, नीळकंठराव चढणाऱ्या उन्हाकडे. शेवटी एकदाची घोषणा झाली, "आता मॅडमांचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत करतील मंडळाचे सचिव, श्री. नीळकंठराव."

मानीबाईंनी तबकात गुच्छ आणला. तो उचलून नीळकंठराव हसतमुखाने पुढे झाले आणि मग त्यांची नजर खाली गेली. चंदेरी कागदात चार लाल आणि तीन पिवळी फुलं होती. देठांना सोनेरी रिबन होती.

मॅडमनी हात पुढे केले. नीळकंठरावांनी गुच्छ दिला, पण सोडला नाही. मॅडमनी जरा ओढला. त्यांनीही जरा ओढला.

"काका, सोडा," प्रफुल्ल कॅमेऱ्यामागून म्हणाला. "ओढाताण फोटोत येऊन राह्यली."

त्यांनी सोडला. टाळ्या झाल्या. नीळकंठराव गुरुजींच्या कानाशी लागले, "गुरुजी, पडदा राहू द्या. आजचं अनावरण रद्द करा."

गुरुजींनी ते ऐकलं आणि माइकवर म्हणाले, "आमचे सचिव इतके संकोची आहेत की ते म्हणतात, अनावरण नको. पण आपण त्यांचं ऐकणार आहोत का?"

"नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

मॅडमनी दोरी ओढली, पडदा सरकला. आत लांब हिरवी पानं होती आणि त्यांच्या मधोमध सात देठांचे खुंट, सुरीने अगदी एका उंचीवर कापलेले. मागच्या लोकांना काही दिसत नसल्यामुळे टाळ्या बराच वेळ चालू राहिल्या. मॅडमनी ताटव्याकडे पाहिलं, हातातल्या गुच्छाकडे पाहिलं, पुन्हा ताटव्याकडे पाहिलं. बाई शेतीच्या खात्यातल्या होत्या, त्यांना उलगडायला वेळ लागला नाही.

"ही इथलीच का?" त्यांनी विचारलं.

"इथलीच, मॅडम," मानीबाई अभिमानाने म्हणाल्या. "आत्ताच कापली, एकदम ताजी. साहेबच म्हणले, चांगल्यातली चांगली घ्या."

रागवायला कोणी उरलंच नाही. नीळकंठराव जवळच्या खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गुच्छाचा कागद सोडला, कडक स्टार्चच्या साडीतच ताटव्याशी बसल्या आणि एक लाल फूल पानांमध्ये खोचलं.

"माती ओली आहे, काका," त्या म्हणाल्या. "फोटोपुरती उभी राहतील. या, तुम्ही पिवळी घ्या."

मग सगळे धावले. एकाने फूल खोचलं, दुसऱ्याने ते सरळ केलं, तिसऱ्याने आणखी सरळ करताना पाडलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी सातही उभी राहिली तेव्हा लक्षात आलं की मागची पाटी बॅनरखाली गेली आहे. बॅनर उतरवला. मग सबंध मंडळ चौकटीत शिरून हसत उभं राहिलं आणि फुलं दिसेनाशी झाली. त्यांना बाहेर काढायला पाच मिनिटं गेली. शेवटी फक्त फुलं आणि पाटी असा एक फोटो मिळाला आणि प्रफुल्लने हळदीकडे गाडी पळवली.

दुपारी नीळकंठरावांनी तो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पुसद.' दुसरं काही लिहिण्याची गरज त्यांना वाटली नाही. अभिषेकचं उत्तर आलं, 'भाऊजी, कोणत्या फुलवाल्याकडून आणून खोचली? डावीकडच्या पिवळ्याला रिबन राहिलीय.'

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. राहिली होती. त्यांनी तीनदा खरी हकिगत लिहायला घेतली आणि दर वेळी ती आदल्या वेळेपेक्षा जास्त खोटी वाटली, म्हणून पुसून टाकली. त्या संध्याकाळी ते अर्धीच भाकरी खाऊन उठले. रत्नप्रभाबाई काही बोलल्या नाहीत, आणि हे जास्त काळजीचं होतं.

बुधवारी सकाळी मानीबाई दारात उभ्या. "साहेब, एक बारकी कळी होती. ती मी नव्हती कापली. आज उघडली."

त्याच दिवशी अभिषेक एका लग्नासाठी पुसदलाच आला होता. नीळकंठरावांनी त्याला मांडवातून, अक्षता हातात असतानाच उचललं आणि स्कूटरवर घालून बगिच्यात आणलं. अभिषेक गुडघ्यावर बसला. त्याने फूल पाहिलं, मग देठ धरून जरा हलवून पाहिला.

"उपटू नको," नीळकंठराव म्हणाले. "खोचलेलं नाही ते."

"मानलं, भाऊजी," अभिषेक म्हणाला. "खरंच उगवलं की."

"मंग चार लोकांत सांग."

"सांगतो ना. आधी माझा एक फोटो काढा याच्याबरोबर."

नीळकंठरावांनी मोठ्या मनाने काढला. अभिषेकने कोपर टेकून, फुलाशेजारी गाल नेऊन, गॉगल लावून फोटो दिला. त्याच्या डोक्यामागे पाटी नेमकी झाकली गेली, पण सोयऱ्याला सरक म्हणणं त्यांना बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तो फोटो फेसबुकवर झळकला. खाली अभिषेकच्या पुण्यातल्या मित्रांची रीघ लागली होती. 'यंदा पुन्हा काश्मीर? मजा आहे बुवा.' 'थंडी कशी आहे?' आणि अभिषेकने प्रत्येकाला न चुकता लिहिलं होतं, 'धन्यवाद.' एकाला तर, 'थंडी छान.'

नीळकंठरावांनी फोन बाजूला ठेवला. "जाऊ दे," ते म्हणाले. "आपल्याले माहीत आहे ना, कुठलं फूल आहे ते. बस झालं."

ते बस झालेलं नाही हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. रत्नप्रभाबाईंनी कणकेचे हात धुतले, चष्मा लावला, स्वतःचा फोन घेतला आणि एका बोटाने टाइप करायला बसल्या. दहा मिनिटं झाली तरी मान वर नाही.

"काय लिहून राह्यली?"

"तुम्ही वरणाकडे पाहा."

वरण उतरवून नीळकंठराव आले तोवर लिहून झालं होतं. भावाच्या फोटोखाली, सगळ्या पुण्यादेखत बाईंनी लिहिलं होतं, 'हे काश्मीर नाही. पुसद आहे. लक्ष्मीनगर बगिचा. फूल आमच्या यांनी लावलं, फोटोही यांनीच काढला. अभिषेक, निघण्याआधी जेवायला ये.'

दोघंही स्क्रीनकडे पाहत बसले. पाचव्या मिनिटाला त्यावर पहिला अंगठा पडला. तो अभिषेकच्या बायकोचा होता.