सत्तेचाळीस नंबरचं मत

पालमच्या वाचनालयाचं अध्यक्ष व्हायचं, हे व्यंकटराव गुरुजींनी गणित शिकवून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरवलं होतं. आभाराचं भाषणही पाठ होतं. पण शहाऐंशी सालच्या त्या निवडणुकीत मत गुप्त राहावं आणि तरी मोजणी पारखता यावी, हा हट्टही त्यांचाच. आदल्या खेपेला हात वर करायला लावले, तर जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघत बसला होता.

युक्ती त्यांनीच काढली. एकतीस सभासद, एकतीस घडीच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीत दहा ते नव्व्याण्णवमधला कुठलाही वेगळा आकडा. चिठ्ठ्या घागरीत घुसळायच्या. ज्याने त्याने एक उचलायची, आकडा ध्यानात ठेवायचा, आडोशाला फुली मारून पेटीत टाकायची. मग कोणत्या आकड्याचं मत कोणाला पडलं, ते फळ्यावर लिहायचं. आपलं मत नीट मोजलं की नाही ते ज्याचं त्याला कळणार, दुसऱ्याचं कोणालाच नाही.

"अन् तुमी अध्यक्ष झाल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा कुणी करायचा?" त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी घरी विचारलं. त्याही सभासद होत्या. गुरुजींनी ते कानाआड केलं.

मोजणी झाली. किराणावाले लिंगराजअप्पा तीस, गुरुजी एक. त्यांच्या नावाखाली सत्तेचाळीस हा आकडा एकटाच उभा होता. ज्याने त्याने आपला आकडा बघून घ्यावा, असं गुरुजींनीच खड्या आवाजात सांगितलं. सगळ्यांनी बघितला. एकाचीही तक्रार आली नाही. युक्ती तंतोतंत उतरली होती.

संध्याकाळी पहिला आला तो एस.टी.चा कंडक्टर भुजंग. "गुर्जी, लय वाईट वाटायलंय. त्यो सत्तेचाळीस माझा बरं का."

रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत सत्तेचाळीसचे अकरा मालक चहा पिऊन गेले. बारावे खुद्द लिंगराजअप्पा. सुपारी कातरत म्हणाले, "उभा राह्यलो खरं, पर मत तुमालाच टाकलं. सत्तेचाळीस." गुरुजींना कोणालाच खोटं पाडता येईना. खोटं पाडायचं तर खरा मालक सांगावा लागला असता.

कपबश्या विसळून सुमनबाई शेजारी येऊन टेकल्या. अध्यक्षपद न येताच दिवसभराचं दूध संपलं होतं.

"कुणाला सांगू नका," त्या हळूच म्हणाल्या, "पर सत्तेचाळीस माझा हाय."

सकाळी आडोशाला स्वतःच्याच नावापुढे फुली मारताना गुरुजींनी तो आकडा दोनदा घोकला होता. त्यांना वाईट वाटलं आणि हसूही आलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले आणि उरलेला कोरा चहा मुकाट्याने पिऊन टाकला.